ताई, तुमच्या त्या एका तासाबद्दल

प्रिय ताई,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. एकटीला पाठवलं असतं, तर "कशाला गं एवढं" म्हणत तुम्ही ते घडी घालून ठेवून दिलं असतंत. सामुदायिक रेडिओवर स्वयंसेवक म्हणून मी गाणी लावली, बोलले, फोन घेतले. त्या काळाची कुठलीही आठवण काढली तरी तिच्यात तुम्ही असताच, आणि हे चार लोकांना कळायला हवं.

पहिल्या दिवशी तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. हेडफोन हातात दिलेत आणि शेजारी बसवून नुसतं ऐकायला सांगितलंत. दोन गाण्यांच्या मध्ये काय होतं ते ऐक, म्हणालात. बोलणं मग हळूहळू आलं. 'फ' आणि 'भ' म्हणताना तोंडातून सुटणारी हवा थेट माइकवर आदळली की ऐकणाऱ्याच्या कानात धप्प होतं, म्हणून माइक तोंडाच्या जरा बाजूला ठेवायचा. तबकडीवर सुई गाण्याच्या पहिल्या सुरावर आणायची आणि तबकडी हातानं पाव फेरा मागे घ्यायची, म्हणजे ती पूर्ण वेग घेते तेव्हाच सूर लागतो आणि सुरुवात घरंगळत येत नाही. फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, बोट ठेवून गाण्याचा शेवट विरू द्यायचा, त्याला मध्येच कापायचं नाही. हे सगळं तुम्ही माझा हात धरून शिकवलंत. एखादी गोष्ट दहादा विचारली, तरी अकराव्यांदाही तुमचा आवाज पहिल्या वेळेसारखाच असायचा.

पण तुमचा खरा आग्रह नावांचा. गाणं संपलं की गायकाचं नाव सगळेच सांगतात. तुम्ही म्हणायचात, बासरी कुणाची आहे ते सांग, तबल्यावर कोण आहे ते सांग. तबकडीच्या वेष्टनावर छापलं असेल तर ते वाचलंच पाहिजे. त्या माणसांनी ते वाजवलंय आणि त्यांचं नाव घ्यायला दुसरं कोण बसलंय? ही अक्षरं इतकी बारीक असत की मी वेष्टन दिव्याखाली धरून वाचायचे. पुढच्या आठवड्यात येऊन बघते तर आवाज जुळवायच्या मिक्सरशेजारी एक भिंग ठेवलेलं. कुणी ठेवलं हे विचारावं लागलं नाही.

त्याच भिंगामुळे माझ्या कार्यक्रमाला त्याची ओळख मिळाली. एका रात्री फोन आला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मला दिसत नाही. गाणी ऐकतो, वाजवणाऱ्यांची नावंही तुमच्यामुळे कळतात, पण वेष्टनावर चित्र काय असतं ते कधी कुणी सांगितलेलं नाही." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नुसती मान हलवलीत. मग मी तसंच माइकवर सांगितलं: निळसर पार्श्वभूमी, खुर्चीवर कडेला बसलेली गायिका, वाद्यावर टेकलेला हात, कोपऱ्यात दुमडलेला कागद. फोन खणखणू लागला. डोळ्यांनी धड दिसणारी माणसंही म्हणत होती, असंच सांगत जा. त्यानंतर प्रत्येक तबकडीआधी मी चित्र सांगायला लागले आणि त्या वेळी स्टुडिओत जे समाधान वाटायचं, ते मला दुसऱ्या कुठल्याही कामात मिळालेलं नाही.

आपला प्रक्षेपक छोटा. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, टेकडी किंवा उंच इमारत आड आली की तिच्यामागे आवाज विरळ होतो. पण म्हणूनच ऐकणारे जवळचे असायचे. "इकडे पाऊस सुरू झाला" असा फोन यायचा, थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं तसाच फोन, आणि मग आमच्याच काचेवर थेंब दिसायचे. एकदा मात्र फार लांबून कुणीतरी बोललं आणि मी चकित झाले. तुम्ही समजावलंत की वारा पडलेल्या रात्री थंड हवेवर गरम हवेचा थर बसला, की लहर वाकून नेहमीपेक्षा दूर पोचते. त्या श्रोत्यासाठी तुम्ही अजून एक गाणं लावायला लावलंत, थर मोडायच्या आत.

चहाच्या वेळी तुम्ही जुन्या गोष्टी सांगायचात. बोलिव्हियातल्या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे काढून रेडिओ केंद्रं चालवली. कोलंबियात १९४७ मध्ये सुरू झालेल्या रेडिओ सुतातेन्सावरून शेतकरी कुटुंबं लिहा-वाचायला शिकली. अमेरिकेत बर्कलीचं केपीएफए हे रेडिओ केंद्र १९४९ पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर उभं राहिलं. १९९५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं, तो निकाल तर तुम्हाला विशेष आवडायचा. "ऐकलंस ना, ही हवा सगळ्यांची आहे," म्हणायचात. मी हे सगळं इतिहास म्हणून ऐकत होते. तुम्ही ते रोज करत होतात, हे लक्षात यायला मला वेळ लागला.

ते लक्षात आलं जुन्या वेळापत्रकामुळे. कपाट आवरताना ते सापडलं, आणि माझा जो रात्रीचा तास होता त्याच्यासमोर वर्षानुवर्षं तुमच्या कार्यक्रमाचं नाव होतं. तुम्ही मला मोकळा तास दिला नव्हतात, तुमचा स्वतःचा दिला होतात. ज्या श्रोत्यांना मी माझे म्हणत होते, ते तुम्ही जमवलेले होते. आणि तो तास सोडून तुम्ही घरी गेला नाहीत, काचेच्या पलीकडे बसून माझ्यासाठी फोन उचलत राहिलात, फर्माइशी कागदावर लिहून आत आणून देत राहिलात. कार्यक्रमाच्या शेवटी तुमचं नाव घेऊ का, असं मी विचारायचे. तुम्ही दर वेळी हातानंच नको म्हणायचात. सगळ्या वादकांची नावं घ्यायला लावणाऱ्या बाईंनी स्वतःचं नाव मात्र कधी घेऊ दिलं नाही. याची मला अजूनही रुखरुख वाटते, कारण तुम्ही केंद्रावर असण्यानं किती जणांना बोलायचं धैर्य आलं, हे मी जवळून पाहिलंय. एक मुलगा तर तुमच्यासमोर पहिल्यांदा अडखळला, आणि पुढे त्यानंच बातम्या वाचल्या.

तर ताई, तुमच्या त्या तासाबद्दल, भिंगाबद्दल, कागदावर लिहून दिलेल्या प्रत्येक फर्माइशीबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. तब्येत सांभाळा. एकदा केंद्रावर या, मी फोन उचलायला बसेन आणि तुम्ही माइकवर बसा.

तुमची,
रात्रीच्या तासाची डीजे