बेल्ट पुढे करणाऱ्या काकांना

काका,

समोरासमोर मी तुम्हाला 'हेर', म्हणजे जर्मन 'श्री', लावूनच हाक मारते, पण मनात तुम्ही पहिल्यापासून 'गॅरेजवाले काका'च आहात. त्या रविवारी संध्याकाळी मी तुम्हाला तीन-चार वेळा 'डांके', म्हणजे धन्यवाद, म्हटलं. तुम्ही नुसता हात हलवलात, गॅरेजचं शटर ओढलंत आणि जिना चढून गेलात. तेव्हापासून माझ्या घशात काहीतरी अडकून राहिलंय. माझ्या जर्मनमध्ये ते मावत नाही, म्हणून माझ्या भाषेत लिहिते. तुम्हाला अर्थ सांगून वाचून दाखवीनच, पण आधी माझ्या माणसांना कळू दे की इथे जर्मनीत, ब्योब्लिंगनमध्ये आमच्या इमारतीत कोण राहतं.

बाबा भोसरीच्या एमआयडीसीत ३४ वर्षं टूलमेकर होते. त्यांच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं असायचं. कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापलेली मर्सिडीज ५०० एसईसी, चारही काचा खाली, दोन खिडक्यांच्या मधे खांबच नाही. अशी गाडी आपल्याकडे असावी असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांचा प्रश्न कारागिराचा होता: मधला खांब काढून टाकल्यावर हे दार इतकं घट्ट बसतं कसं, आणि काचेला काच इतकी नेमकी मिळवली कुणी? ते चित्र पिवळं पडलं, कडा फाटल्या, बाबा निवृत्त झाले, टूलबॉक्स माळ्यावर गेली. प्रश्न तसाच राहिला.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि खांदा गेल्यात जमा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आई-बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले. बाबा काठी घेऊन चालतात, डाव्या हाताने जेवतात, सावकाश का होईना पण नीट बोलतात. एकच गोष्ट त्यांना फार लागायची. इथे चालकाशेजारची सीट उजवीकडे, म्हणजे बेल्ट नेमका त्यांच्या निकामी खांद्यावरून ओढायचा. ते जमायचं नाही. मग मी माझ्या सीटवरून वाकून, त्यांच्या अंगावरून हात नेऊन बेल्ट ओढायची आणि खटका लावायची. तेवढा वेळ बाबा खिडकीबाहेर बघत राहायचे. ज्या माणसाने मायक्रॉनमध्ये काम केलं, त्याला लहान मुलासारखं बांधून ठेवल्यागत व्हायचं. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

ते आल्यापासून मी ठरवलं होतं की त्या चित्रातल्या गाडीतून त्यांना एकदा फिरवायचंच. जुन्या गाड्या दिवसाच्या भाड्याने देणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे आगाऊ पैसे भरले. आदल्या दिवशी फोनवर मी सहज बोलून गेले की वडिलांकडे काठी आहे, बसायला-उठायला थोडा वेळ लागेल. पलीकडून उत्तर आलं, आमच्या गाड्या रुग्णांसाठी नाहीत. पैसे परत मिळाले, पण ते वाक्य आजही टोचतं. दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाने 'नक्की, नक्की' म्हणत पाच आठवडे काढले आणि मग मेसेज वाचणंच बंद केलं. सरळ नाही म्हणाला असता तर मला राग आला नसता.

आणि तुम्ही! तुमची गाडी चार वर्षं माझ्या डोळ्यांखाली होती आणि मला पत्ता नव्हता, कारण शटर कायम खाली. त्या दिवशी ते अर्धं वर होतं. बाबा काठी टेकत तिथेच थांबले. तुम्ही 'ग्र्यूस गॉट', म्हणजे इथला नमस्कार, म्हणालात, बाबांकडे पाहिलंत आणि शटर पूर्ण वर सरकवलंत. १९८३ची ५०० एसईसी, गडद निळी. बाबांनी काही विचारलं नाही. दार आणि पुढचा पत्रा यांच्या मधल्या फटीवरून डाव्या हाताचं बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि म्हणाले, "फट बघ. वर जेवढी, तेवढीच खाली." मी भाषांतर करायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं. दोन कारागीर एकमेकांना ओळखतात ते असं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर आम्ही माझ्या गाडीत बसलो, मी नेहमीसारखी वाकून बाबांचा बेल्ट लावला. तुम्ही दारात उभे होतात.

आठवड्याने तुम्ही जिन्यात गाठून म्हणालात, रविवारी हवा चांगली आहे, गाडी तू चालव, मी मागे बसतो. विम्याचंही तुम्ही आधीच बघून ठेवलं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते. एसईसीला मधला खांब नाही, त्यामुळे पुढच्या बेल्टला खांद्याशेजारी टेकू नाही, तो पार मागून येतो. तिथून ओढायला धडधाकट माणसालाही पिळवटावं लागतं. म्हणून १९८१ साली ही गाडी आली तेव्हा तिच्यात विजेवर चालणारा एक छोटासा हात बसवला होता. दार लागलं, किल्ली फिरवली की तो मागून सरकत खांद्यापाशी येतो आणि बेल्ट पुढे धरतो. तुमच्या भाषेत त्याला गुर्टब्रिंगर म्हणतात, बेल्ट आणून देणारा.

मी किल्ली फिरवली. बारीक घर्रर्र आवाज झाला आणि बाबांच्या उजव्या खांद्याशी बेल्ट येऊन थांबला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, डावा हात उचलला, बेल्ट धरला, छातीवरून खाली आणला. खटका लागायला दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. विजेवरचा तो हात आपोआप मागे सरकला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते, कारण बाबांकडे बघितलं असतं तर मला गाडी चालवता आली नसती.

हेरेनबर्ग, नागोल्ड, मग नदीच्या कडेकडेने आल्टेनश्टाइग. काका, मी रोज आजच्या गाड्यांवर काम करते, पण अशी गाडी कधी चालवली नव्हती. पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक, तो सोडायची डॅशबोर्डवरची मूठ, गिअरचा दांडा वेड्यावाकड्या खाचेतून सरकवायचा. स्टिअरिंगचं चाक मोठं, बोटांनी फिरावं इतकं हलकं, आणि मधोमध जरासं ढिलं. पहिले दहा किलोमीटर मी उगाचच दुरुस्त्या करत होते. मग कळलं की हिला जरा मोकळं सोडायचं, ती आपली आपण सरळ जाते. पेडलचा प्रवास लांब आहे. जरासं दाबलं तर काही विशेष होत नाही, शांतपणे आणखी दाबलं की ते पाच लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन पोटातून हुंकारतं आणि गाडी पुढचं टोक किंचित उचलून निघते. २३१ अश्वशक्ती आजच्या आकड्यांत फार नाही. पण जोर कसा येतो, धक्का न देता, एखाद्या दांडग्या माणसाने पाठीवर तळवा ठेवावा तसा, ते आकड्यात दिसत नाही. समोर लांबच लांब बॉनेट, आणि त्यावर मर्सिडीजचा उभा तारा नाही, कारण कूपेचा, म्हणजे अशा दोन दारांच्या गाडीचा, तारा जाळीतच बसवलेला. वळणावर ती थोडी झुकते आणि मग तेवढ्यावरच ठाम राहते. खड्डा गेला हे कानाला कळतं, पाठीला नाही.

आल्टेनश्टाइगच्या पुढे तुम्ही मागून सांगितलंत, आता काचा. चारही खाली गेल्या. मधे काहीच उरलं नाही, बाबांच्या खांद्यापासून तुमच्या खांद्यापर्यंत नुसता वारा आणि ओल्या लाकडाचा वास. बाबा ती मोकळी जागा हाताने चाचपत होते. तुम्ही त्यांना छताचे पुढचे खांब आणि मागची रुंद बाजू दाखवत होतात, चौकट किती जाड केलीय ते बोटांनी मोजून. चाळीस वर्षांपूर्वीचा प्रश्न धावत्या गाडीत सुटत होता. या गाडीचा आकार मर्सिडीजचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साक्को यांच्या हाताखाली ठरला आणि ते स्वतःसाठीही एसईसीच बाळगून होते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबा म्हणाले, "मग बरोबर. स्वतः बसायचं असलं की माणूस फट सोडत नाही."

फ्रॉयडनश्टाटनंतर बी ५०० हा रस्ता, दोन्ही बाजूंनी काळं सूचिपर्णी रान, रुहेश्टाइनची खिंड, आणि १०३६ मीटरवरचं मुमेलझे तळं. तिथे कॉफी घेऊन परत आलो तेव्हा बाबांनी मला काठीने दाखवलं. त्यांच्या बाजूला, बेल्टचा हात जिथून बाहेर येतो त्या पट्टीवर, चार स्क्रूंची डोकी ताजी चमकत होती. माझ्या बाजूला तो हात बाहेर आलाच नव्हता, मी निघताना मागे वळून, कंबर पिळून बेल्ट ओढला होता आणि जुनी गाडी म्हणून सोडून दिलं होतं. बाबा म्हणाले, "त्यांनी आपल्या बाजूचा भाग काढून इकडे लावलाय."

मी तुम्हाला विचारलं. तुम्ही खांदे उडवलेत. बाबांच्या बाजूचा हात कित्येक वर्षं बंद होता, भाग मिळत नाही, आणि "मला अजून मागे वळता येतं," एवढंच.

कुणी न मागता, आपली सोय काढून दुसऱ्याच्या बाजूला लावणं, आणि तेही त्याला कळू नये अशा बेताने. तुम्ही बाबांवर दया दाखवली असती तर त्यांनी ती मुकाट घेतली असती आणि घरी येऊन जेवले नसते. तुम्ही त्यांना वापरता येईल असं यंत्र दिलंत. त्या रात्री बाबा दोन भाकऱ्या जेवले.

ते आता पुण्यात आहेत. दर फोनला माझ्याआधी तुमची चौकशी, आणि मग: "त्यांच्या बाजूचा हात सुरू झाला का?" नाही म्हटलं की गप्प होतात. परवा म्हणाले, झिजलेला तुकडा नीट मोजून पाठव, माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा भोसरीत अजून मशीनवर आहे, मी शेजारी बसून करून घेतो.

शनिवारी सकाळी दहाला मी मोजायला व्हर्नियर घेऊन खाली येते. शटर वर ठेवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची