कोकणात रोल धुताना 20 अंशांचा हट्ट कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरच्या घरी कृष्णधवल फिल्मचे रोल धुण्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेख उपयोगी आहे, पण त्यातलं वेळेचं कोष्टक 20 अंश सेल्सिअसचं आणि टाकी हाताने उलटीपालटी करण्याचं आहे. रत्नागिरी-मालवणकडे कुणी रोटरी यंत्रावर (टाकी आपोआप फिरवत ठेवणाऱ्या) ते जसंच्या तसं वापरलं, तर निगेटिव्ह काळीकुट्ट निघतील.

जोबो कंपनीच्या अशा साध्या यंत्रांत हीटर असतो, पाणी थंड करायची सोय नसते. मे महिन्यात आपल्याकडे नळालाच 30 अंशांच्या आसपासचं पाणी येतं. बर्फ टाकून 20 गाठलं तरी ते टिकत नाही. त्यापेक्षा सरळ 24 अंश धरावेत. गोठवलेल्या पाण्याच्या एक-दोन बाटल्या यंत्राच्या कुंडात सोडल्या की तेवढं जमतं. फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच्या दोन-तीन अंशांतच ठेवावं.

आता वेळ. एचपी5 प्लस या फिल्मला आयडी-11 या डेव्हलपरमध्ये (प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात) 1+1 प्रमाणात, म्हणजे तेवढंच पाणी मिसळून, 20 अंशांना 13 मिनिटं लागतात. 24 अंशांना ती साधारण 9 होतात. यंत्रात टाकी अखंड फिरते, म्हणून आणखी 15 टक्के कापायचे. उरतात साडेसात मिनिटं. हाच डेव्हलपर पातळ न करता वापरला, तर 20 अंशांची मूळची साडेसात मिनिटं अशाच हिशेबाने साडेचारच्याही खाली येतात. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात फोटोतल्या आकाशात पट्टे उठण्याचा धोका असतो, त्यामुळे उन्हाळ्यात 1+1 च बरं. जोबोचा दुसरा मार्ग असा, की आधी 5 मिनिटं रोल नुसत्या पाण्यात फिरवायचा आणि मग वेळ न कापता पूर्ण द्यायचा. दोन्ही मार्ग एकत्र केले की निगेटिव्ह फिकी पडते, आणि दोष मात्र बिचाऱ्या डेव्हलपरला!

रसायन कमी लागतं म्हणून रोटरीचं कौतुक होतं, पण त्यातच एक खोच आहे. जोबोच्या 1520 क्रमांकाच्या टाकीला फिरवताना 240 मि.ली. पुरतं, 1+1 मध्ये त्यातला मूळ डेव्हलपर फक्त 120 मि.ली. तो 36 फोटोंच्या एका रोलला कसाबसा पुरतो. आयडी-11 सारख्याच डी-76 साठी कोडॅक एवढ्याशा द्रावणात वेळ 10 टक्के वाढवायला सांगते. टाकीत फिल्म गुंडाळायची रीळं दोन मावतात म्हणून दोन रोल घालू नयेत. यंत्र पाणसळीत हवं, नाहीतर द्रावण एका बाजूला साचतं आणि फिल्मची दुसरी कड उपाशी राहते. मध्येच लाइट गेली तर टाकी रोलरवर हाताने फिरवत राहावी, दिशा बदलत.

पावसाळ्यातली खरी डोकेदुखी म्हणजे रीळ. प्लास्टिकच्या रिळात जरा ओल राहिली की फिल्म अर्ध्यात अडकते, आणि चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) घामेजलेल्या हातांनी ती ओढली की चुरगळते. रीळ हेअर ड्रायरने कोरडं करूनच घ्यावं. वेटिंग एजंट (फिल्मवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटी वापरायचा द्रव) रिळाला लागू देऊ नये, पुढच्या वेळी डेव्हलपरला फेस येतो. किनाऱ्यालगतच्या विहिरींना मचूळ पाणी लागतं, म्हणून डेव्हलपर कालवायला आणि शेवटच्या धुण्याला डिस्टिल्ड पाणीच घ्यावं.

लेखात राहून गेलेली गोष्ट वापरलेल्या फिक्सरची. त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते. जांभा सच्छिद्र, परसातल्या शोषखड्ड्यात ओतलेलं विहिरीपर्यंत झिरपायला वेळ लागत नाही. फिक्सर प्लास्टिकच्या बादलीत साठवून त्यात लोखंडी स्टील वूल टाकावं. भांडी घासायची स्टेनलेसची घासणी इथे चालत नाही. काही दिवसांत चांदी काळ्या गाळाच्या रूपाने तळाशी बसते. बादली उघड्या खिडकीशी ठेवावी, वास येतो. वरचं पाणीसुद्धा विहिरीच्या बाजूला ओतू नये.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी