हार्पसिकॉर्ड म्हणजे जुनाट पियानो नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पाश्चात्त्य वाद्यांवरचा लेख आवडीने वाचला. पण हार्पसिकॉर्डची बोळवण ‘पियानोचा पूर्वज, पुढे कालबाह्य’ एवढ्या एका ओळीत झालेली पाहून राहवले नाही.

पियानोत हातोडी तारेवर पडते. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की लाकडाची एक चपटी काडी वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेली पिसाच्या दांडीची बारीक नखी तार छेडून जाते. नातेच जोडायचे तर ते आम्हा सतारवाल्यांच्या नखीशी जास्त जवळचे. फक्त सतारीवर जोर माझ्या बोटात असतो. इथे पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज जवळजवळ तेवढाच. मग एखाद्या स्वराला वजन द्यायचे कसे? हार्पसिकॉर्डवादक गुस्टाव्ह लेओनहार्ट ऐकल्यावर मला ते उमगले. आधीचा स्वर जरा लवकर सोडायचा, पुढचा केसभर उशिरा घ्यायचा. तो आपोआप ठसतो. सगळा खेळ वेळेचा.

हा डच वादक १९२८ सालचा. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला शिकला आणि १९५० मध्ये व्हिएन्नात पहिल्या जाहीर मैफलीला अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखची ‘आर्ट ऑफ फ्यूग’ ही रचना घेऊन बसला. ही रचना कोणत्या वाद्यासाठी, हे बाखने लिहूनच ठेवलेले नाही. ती हार्पसिकॉर्डचीच, असा प्रबंध त्याने दोन वर्षांनी छापला. त्याच्या आधी पोलिश वादक वांदा लांदोव्स्का यांनी हे वाद्य मैफलीत परत आणले होते, हे खरे. पण त्यांचे प्लेयेल कंपनीचे वाद्य पियानोसारखेच वजनदार, आत लोखंडी चौकट. लेओनहार्ट मार्टिन स्कोव्रोनेकसारख्या कारागिरांकडे गेला, जे अठराव्या शतकातली वाद्ये समोर ठेवून हलकी लाकडी वाद्ये घडवत. (मिरजेत राहणाऱ्याला वाद्य करणाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय चैन पडत नाही.)

संगीत-संचालक निकोलाउस हार्नोनकूर्टबरोबर १९७१ पासून जवळपास दोन दशके खपून लेओनहार्टने बाखचे सगळे धार्मिक कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, ध्वनिमुद्रित केले, ते काम मोठेच. मला मात्र लेओनहार्टमधला शिक्षक जास्त मोठा वाटतो. अॅमस्टरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, त्याच्याकडे टॉन कोपमन शिकला, बॉब फान आस्पेरेन शिकला, बाहेरून ख्रिस्तोफर हॉगवुड आला. गुरूचे वादन संयमी, चेहऱ्यावरची रेघ न हलणारे. कोपमन ऐका, नुसती उधळण! आपल्याकडे शिष्याचा गळा गुरूसारखा लागला की आपण खूश होतो. इथे एकही शिष्य गुरूची नक्कल वाटत नाही.

१२ डिसेंबर २०११ रोजी पॅरिसमध्ये लेओनहार्टने शेवटचे वाजवले आणि पुढच्या १६ जानेवारीला तो गेला.

लेखमालेचा पुढचा भाग चर्चमधल्या ऑर्गनवर आहे असे कळते. लेओनहार्ट अॅमस्टरडॅमच्या न्यूवे कर्क या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत असे. तेवढी जागा त्याला तिथे तरी द्यावी.

आपला,
एक सतारवादक वाचक, मिरज