भिशी, कर्ज आणि सासूबाईंची ठेव 'कमाई'त धरून भरलेल्या रिटर्नबाबत तक्रार

सांगली
दि. 24 नोव्हेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: आर्थिक वर्ष 2024-25 चे माझे आयकर रिटर्न चुकीचे भरल्याबद्दल, आणि ते 31 डिसेंबरच्या आत दुरुस्त करून मिळण्याबाबत

महोदय,

सांगलीत माझं एका गाळ्याचं ब्यूटी पार्लर आहे. मी आणि हाताखाली एक मुलगी. सात वर्षं मी हिशेब शंभर पानी वहीत लिहीत आले, पण मुद्राचं कर्ज घेतल्यावर बँकेनं रिटर्न मागितलं आणि मी मे महिन्यात 8,500 रुपये भरून हिशेब बघून रिटर्न भरून देण्याचं तुमचं वर्षाचं पॅकेज घेतलं. 'तुमच्यासाठी एक स्वतंत्र अकाउंटंट असेल' असं सांगितलं होतं. सप्टेंबरपर्यंत तिघांचे फोन आले. तिघांनाही पार्लर नेमकं कुठलं, हे पहिल्यापासून सांगावं लागलं.

वहीचे फोटो पाठवू का, असं मी दोनदा विचारलं. 'मॅडम, फक्त बँक स्टेटमेंट द्या, बाकी आम्ही बघतो.' तुम्ही काय बघितलंत ते आता सांगते.

वर्षभरात माझ्या खात्यात 15,60,000 रुपये जमा झाले, आणि तो सगळा आकडा तुम्ही माझा धंदा म्हणून लिहिलात. त्यात मुद्रा कर्जाचे 3,00,000 आहेत. ओळीतच 'लोन' असं छापलंय, चष्मा नसला तरी दिसेल. 1,80,000 भिशीचे आहेत. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी माझ्याकडे जमते, जिचा नंबर लागेल तिला त्याच आठवड्यात जाते. खर्चाच्या बाजूला ते पैसे गेलेलेही त्याच पानावर दिसतात. आणि 60,000 सासूबाईंची ठेव मोडली तेव्हाचे. हे 5,40,000 वजा केले तर उरतात 10,20,000. उलट बँकेत न भरलेली 1,10,000 ची रोकड माझ्या वहीत आहे, ती तुमच्याकडे आलीच नाही. म्हणजे माझा खरा धंदा 11,30,000. नको ते धरलंत आणि हवं ते सोडलंत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी चूकभूल म्हणून गप्प बसले असते. पण तुम्ही मला आयकर कायद्याचं कलम 44एडीए लावलंत, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम सरळ नफा. हे कलम वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, इंटिरिअर डेकोरेटर अशा ठरवून दिलेल्या व्यवसायांसाठी आहे. त्या यादीत पार्लर नाही. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला कलम 44एडी लागतं, तिथे किमान नफा रोखीवर 8 टक्के आणि ऑनलाइन जमेवर 6 टक्के धरतात, जास्त झाला असेल तर जास्त दाखवायचा. माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी सीएकडे आर्टिकलशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी करते. फेशियल चालू असताना तिनं मोबाईलवर माझं रिटर्न बघितलं आणि पाच मिनिटांत हे सांगितलं.

गैरसमज नको, 8 टक्क्यांच्या आड लपायचं माझ्या मनात नाही. वहीप्रमाणे गाळ्याचं भाडं 1,44,000, मुलीचा पगार 1,08,000, क्रीम-वॅक्स-फेशियल किट वगैरे माल 2,86,000, आणि लाइट बिल, कर्जाचं व्याज (हप्त्यातली मुद्दल मी धरलेली नाही, तेवढं मलाही कळतं), नवरीच्या ऑर्डरींचं जाणं-येणं मिळून 1,12,000. खर्च 6,50,000, नफा 4,80,000. तोच दाखवा. नव्या कर पद्धतीत त्या वर्षी 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्यानं माझा कर शून्य येतो. तुम्ही 7,80,000 उत्पन्न दाखवलंत आणि उपकरासह 29,120 कर, वर व्याज, असे 31,160 रुपये मला भरायला लावलेत. हायड्रा फेशियलच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

फोनवर विचारलं तर तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर, 'उत्पन्न जास्त दिसलं की पुढचं लोन लवकर होतं.' हे लोन मला फेडायचंय, त्यांना नाही.

माझीही एक चूक कबूल करते. 10 सप्टेंबरला तुमच्या माणसाचा ओटीपीसाठी फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या भुवया करत होते. दोरा दातात, फोन खांद्याला. काय भरलंय ते न बघता मी आकडे सांगून टाकले. पण बघण्यासाठी आधी मसुदा तरी पाठवायचा होता! शिवाय आयकर पोर्टलवर माझ्या नावापुढे मोबाईल आणि ईमेल तुमच्या ऑफिसचा आहे. आयकर खात्याचं पत्र तुमच्याकडे येऊन पडलं, मला दीड महिन्यानं कळलं.

आणखी दोन गोष्टी. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचे तुम्ही 'सरकारी फी' म्हणून 1,500 रुपये घेतलेत. ती नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. आणि ऑक्टोबरमध्ये 'पार्लरचा जीएसटी 18 चा 5 टक्के झालाय, आता नोंदणी करून टाका, 2,500 लागतील' असा फोन आला. 22 सप्टेंबरपासून दर कमी झाला हे खरं, पण सेवेच्या धंद्याला नोंदणीची मर्यादा 20 लाखांची आहे. मी तिच्या जवळपासही नाही. नशीब, त्या दिवशी हात मोकळे होते.

सुधारित रिटर्न भरायची मुदत 31 डिसेंबर 2025 आहे. ते तुमच्या खर्चानं, माझ्या वहीवरून, आणि मसुदा मला आधी दाखवून भरून द्यावं. भरलेला कर परत मिळण्याची मागणी त्यातच करावी. पोर्टलवर माझा स्वतःचा मोबाईल आणि ईमेल घालून पासवर्ड माझ्या हवाली करावा. उद्यमचे 1,500 आणि पॅकेजचे निम्मे, म्हणजे 4,250 रुपये परत करावेत. माझं काम ज्यांनी केलं ते सीए आहेत का, असतील तर त्यांचा सदस्य क्रमांकही कळवावा.

8 डिसेंबरपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 'तुम्ही व्यावसायिक आहात, ग्राहक नाही' असं फोनवर ऐकवलं गेलं, म्हणून लिहून ठेवते: पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारी बाई 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे.

सोबत वहीच्या पानांच्या प्रती, बँक स्टेटमेंटमध्ये खुणा केलेल्या नोंदी, कर भरल्याचं चलन आणि तुमच्या पावत्या जोडल्या आहेत. सध्या लग्नसराई आहे, त्यामुळे फोन करायचा तर दुपारी 2 ते 4 मध्येच करावा.

आपली ग्राहक,
(पार्लरची मालकीण, सांगली)