बाबा, कॉम्प्युटर चालू करण्याआधी वाचा

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र कीबोर्डखाली ठेवून पहाटे निघते आहे. स्क्रीन वेगळी दिसेल, पण बिघडलेलं काही नाही. तुम्ही दोघं झोपल्यावर मी विंडोज काढून त्याच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी, फुकट मिळणारी यंत्रणा बसवली. बाबा, तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण तुम्ही "आहे ते बरं आहे" म्हणाला असता आणि मग माझा हात चालला नसता.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती आपल्या मशीनमध्ये नाही. धडधाकट मशीन टाकून देणं तुम्हाला पटलं नसतं, मलाही पटत नाही. तरी खरं सांगू? मला झोप लागत नव्हती ती त्या फोटो लहान करायच्या प्रोग्राममुळे. जाहिरातीतलं मोठं हिरवं 'डाउनलोड' तुम्ही दाबलंत आणि एकाबरोबर न मागितलेले तीन प्रोग्राम आत आले. फोनवर तुम्ही "माझंच चुकलं" इतक्या हळू म्हणालात, तो आवाज अजून कानात आहे. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. ती बटणं फसवण्यासाठीच केलेली असतात.

आता प्रोग्राम हवा असेल तर इंटरनेटवर शोधायचाच नाही. मेनूत 'सॉफ्टवेअर मॅनेजर' आहे. त्यात शोधायचं, 'इन्स्टॉल' दाबायचं, पासवर्ड द्यायचा. मिंटच्या साठ्यातल्या प्रोग्रामांच्या यादीवर डिजिटल सही असते; बसवण्याआधी मशीन ती सही आणि प्रोग्राम यादीशी जुळतो का, हे स्वतः तपासतं. खाली उजवीकडे छोटी ढाल दिसेल, तिथून सगळ्यांचे अपडेट एकदमच होतात. प्रत्येक प्रोग्रामने वेगळी आठवण करून देऊन तुम्हाला भंडावणं आता बंद.

आई, तू जागा मोकळी व्हावी म्हणून डेस्कटॉपवरचे आयकॉन उडवायचीस आणि बाबा घाबरायचे. प्रोग्रामचा आयकॉन म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून घर पडत नाही, आणि आतलं सामानही हलत नाही. प्रोग्राम खरंच काढायचा असेल तर मेनूत त्याच्या नावावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल'.

चाळीसेक आयकॉन होते. कसे लावू, म्हणून रात्री बराच वेळ नुसती बघत बसले. मग तुझा बटणांचा डबा आठवला. मी रंगाप्रमाणे ढीग करायचे आणि तू ते मोडून म्हणायचीस, "कशाला लागतील तशी लाव." शर्टाची एकीकडे, उशीच्या अभ्र्याची एकीकडे. तसंच केलं. आता मोठ्या अक्षरांतल्या पाचच पाट्या आहेत: हिशेब, पत्र, फोटो, पत्ते, चिमीला फोन. आत कुठला प्रोग्राम उघडतो ते लक्षात ठेवायची गरजच नाही.

बाबा, तुमची हिशेबाची फाइल उघडून पाहिली, बेरजा जुळतात. फाइल जुन्याच प्रकारात सेव्ह होईल असं ठरवून ठेवलंय, म्हणजे दादाकडेही उघडेल. मराठी टायपिंगला 'गमभन' आहे. प्रिंटरवर एक पान काढून पाहिलं. तुमचा जुना टायपिंगचा प्रोग्राम मात्र इथे चालत नाही. त्यातली सगळी पत्रं पीडीएफ करून ठेवली आहेत. वाचता येतील, छापता येतील, बदलता येणार नाहीत. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय. म्हणून जुनी डिस्क पुसलेली नाही. आईच्या रुमालात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. नवं नकोच वाटलं तर पुढच्या वेळी तीच परत बसवून देईन, एक शब्दही न बोलता.

आता ऐका. मशीनने पासवर्ड मागितला तर आधी थांबायचं. आपण स्वतः काही बसवत असू किंवा अपडेट करत असू तरच द्यायचा. फोनवर कोणी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा, समोरचा कितीही गोड बोलो. 'टाइमशिफ्ट' सिस्टीमची प्रत ठेवतं, तुमच्या फोटोंची नाही. म्हणून दर एक तारखेला बाहेरच्या डिस्कवर फोटो उतरवायचे. आणि बाबा, तासभर बसलात की उठायचं. पाठ दुखते हे मला आईकडून कळायला नको.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा आईला शेजारी बसवा. तिने वाचायचं, तुम्ही दाबायचं. मी अकरापर्यंत गाडीत आहे, फोन हातातच ठेवते.

तुमची,
चिमी