पुडीच्या पलीकडची नशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमली पदार्थांविरुद्ध सध्या चांगला जोर लावला जातो आहे. खाडीपलीकडे नवी मुंबई पोलिसांनी जानेवारी 2025 पासून ‘नशामुक्त नवी मुंबई’ मोहीम हाती घेतली. ठाण्यात एमडी (मेफेड्रोन) आणि गांजा पकडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी वाचतो. मी वर्तकनगर भागात मेडिकल स्टोअर चालवणारा फार्मासिस्ट आहे. माझे म्हणणे एवढेच, की सगळ्यांची नजर पुडीवर आहे आणि मोबाइलवरच्या रीलमधून मुलांना नशेचे जे सामान कळते आहे ते निराळेच: साधी औषधे, हुंगायचे स्प्रे. ते बाळगणे बहुतेक वेळा गुन्हा नसतो, आणि कित्येकदा ते घरातल्या औषधांच्या डब्यात आधीपासूनच असते.

काउंटरवर हे कसे दिसते ते सांगतो. क्लास सुटायच्या वेळी दोन-तीन मुले येतात. एकजण पुढे होतो, बाकीचे चॉकलेटच्या बरणीपाशी घुटमळतात. चिठ्ठी नसते. मोबाइल पुढे येतो, त्यावर कुठल्यातरी रीलचा स्क्रीनशॉट, गोळ्यांच्या पाकिटाचा भाग बोटाने मोठा केलेला. ‘अंकल, हे आहे का?’ कुणासाठी, तर आजीसाठी. आजीचे वय विचारले की एकमेकांची तोंडे बघतात. घरी फोन लाव म्हटले की ‘नंतर येतो’ आणि पसार. पूर्वीची पोरे औषधाचे नाव चाचरत, अर्धे चुकीचे सांगायची. आताची मिलिग्रॅमसकट सांगतात. रोज रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माझ्या जुन्या गिऱ्हाइकांनाही आपल्या गोळीची एवढी माहिती नसते!

हे इथेच सुरू झालेले नाही. सप्टेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. टिकटॉकवरच्या ‘चॅलेंज’पायी तिथली मुले डायफेनहायड्रामिन भरमसाट घेऊ लागली होती. म्हणजे ॲलर्जी-सर्दीचे साधे औषध, आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या सिरपांतही असते. नेमक्या प्रमाणात घेतले तर फार तर झोप येते. अति झाले की भास, झटके, हृदयाचे ठोके बिघडणे, बेशुद्धी. मुले दगावल्याच्याही बातम्या होत्या. आपल्याकडे टिकटॉकवर त्याच वर्षी जूनमध्ये बंदी आली. पण ॲप गेले तरी खोड दुसऱ्या ॲपवर गेली, एवढेच.

हुंगण्याचा प्रकार मला याहून भयंकर वाटतो. थिनर, पंक्चरचे सोल्युशन हे रेल्वे फलाटावरच्या पोरांचे व्यसन, अशी आपली समजूत. आता डिओडरंटचे कॅन हुंगण्याचे व्हिडिओ फिरतात आणि ते घोडबंदर रोडच्या टॉवरमधली मुलेही बघतात. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण मोठ्यांमध्ये 0.58 टक्के, तर मुलांमध्ये 1.17 टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेला नशेचा हा एकच प्रकार. यातल्या वायूंमुळे हृदय ॲड्रेनॅलिनला, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या संप्रेरकाला, कमालीचे हळवे होते. त्यात मूल दचकले, पळाले, तर ठोका बिघडून जागच्या जागी कोसळू शकते, पहिल्याच खेपेलाही. म्हणून मूल असे करताना सापडले तर त्या क्षणी ओरडू नका, मागे धावू नका. कॅन बाजूला करा, खिडकी उघडा, त्याला शांत बसवा, दवाखान्यात न्या. काय बोलायचे ते दुसऱ्या दिवशी बोला.

जिममधल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना नशा करतोय असे वाटतच नाही, ते ‘बॉडी’ करत असतात. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब चढवण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते इंजेक्शन. व्यायामात दम टिकावा म्हणून आज ते धडधाकट पोरे टोचून घेतात, आणि चिठ्ठीशिवाय त्याची विक्री करणाऱ्यांना राज्यात पोलिसांनी वेळोवेळी पकडले आहे. रीलमधल्या दंडाखाली हे कुणी लिहीत नाही.

आता आमच्या धंद्याविषयी. कोडिनचे खोकल्याचे सिरप आणि अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या, म्हणजे बातम्यांत ज्यांना ‘बटन’ नाहीतर ‘कुत्ता गोळी’ म्हणतात तीही, 2014 पासून एच-1 परिशिष्टात, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत आहेत. डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. नियम चांगला आहे. पण मी नाही म्हटले की गिऱ्हाईक चार दुकाने पुढे जाते आणि तिथे त्याचे काम होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. अन्न व औषध प्रशासनाने रजिस्टर नुसते आहे की नाही हे न बघता त्यातल्या नोंदी बिलांशी ताडून पाहाव्यात. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा 2018 मध्ये निघाला, त्याचेही काय ते एकदाचे करावे. दुकानदार ऑनलाइनवाल्यांवर घसरणारच, असे कुणी म्हणेल. म्हणू दे. समोर उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा तरी मला दिसतो.

शाळांमध्ये व्यसनमुक्तीची शपथ होते, पोस्टर स्पर्धा होते, पोस्टरवर सिरिंज आणि कवटी. ते बघून नववीतल्या मुलाला औषधाच्या डब्याची भीती कशी वाटावी? त्यापेक्षा जवळच्या मेडिकलवाल्याला तासभर बोलवा. आम्ही फुकट येऊ. पालकांनी घरातली उरलेली औषधे ठेवून देऊ नयेत, खोकल्याच्या बाटल्या तर मुळीच नकोत. आणि मूल अडकलेच असेल तर पोलीस केसच्या धास्तीने लपवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 64 अ मध्ये आहे.

अशी एक रील मी स्वतः रिपोर्ट केली होती. ‘आमच्या नियमांचा भंग आढळला नाही’ असे ठरावीक उत्तर आले. त्या कंपन्यांपुढे माझ्यासारख्याचे काय चालणार? आपल्यापुढे मात्र एक मागणे आहे. अशा ‘चॅलेंज’ची बातमी येते तेव्हा औषधाचे नाव, किती गोळ्या, कशात मिसळल्या, हे सगळे चौकटीत छापून येते, वेबसाइटवर तर व्हिडिओसकट. आत्महत्येच्या बातमीत पद्धत सांगू नये, असे जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना सांगते. तोच नेम इथेही लावावा. प्रमाण आणि कृती गाळा, परिणाम सविस्तर छापा, आणि त्या चौकटीत व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक 14446 द्या.

आपला,
एक फार्मासिस्ट,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)