शनिवारच्या नाचाबद्दल, आईस

ग्रीनफील्ड, मॅसॅच्युसेट्स

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

माझी तब्येत उत्तम, जेवण वेळेवर. आई, शनिवारच्या नाचाच्या फोटोतला उंच मुलगा कोण आणि तो पब आहे का, असं विचारलंस ना? तो मुलगा त्या एका नाचापुरता जोडीदार होता. दर नाचाला जोडीदार बदलायचा, ही इथली रीतच आहे. आणि नाचाची जागा पब नाही, ग्रेंज आहे, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेचा हॉल. शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे येतात.

या नाचाला कॉन्ट्रा म्हणतात. समोरासमोर दोन लांब रांगा, त्यात दोन-दोन जोड्यांचे चौक. 64 मात्रांचं आवर्तन संपलं की जोडी पुढे सरकते, समोर नवी जोडी येते. फिडल-पियानो वाजत असतं आणि कॉलर, म्हणजे नाच पुकारणारा, माइकवर पुढची हालचाल सांगतो. बाबा, तुम्ही भजनाला तबला धरता, तुम्हाला यातली मेख लगेच कळेल. हालचाल समेवर सुरू व्हायची, तर कॉलरचे शब्द त्याआधीच्या चारेक मात्रांत संपायला हवेत. सोप्या नाचात ते जमतं. पण 'कोरस जिग' नावाच्या नाचात कॉन्ट्रा कॉर्नर्स ही हालचाल येते: उजव्या हाताने जोडीदाराबरोबर फिरा, डाव्याने एका कोपऱ्यातल्याबरोबर, पुन्हा जोडीदार, मग दुसरा कोपरा. हे चार मात्रांत सांगणार कसं? म्हणून आधी वाद्यांशिवाय चालून घेतात, मग कॉलर नुसतं "कॉर्नर्स" म्हणतो आणि लोकांचे पाय बसले की गप्प होतो. लवकर गप्प झाला तर रांग कोलमडते, उशिरा झाला तर संगीत ऐकूच येत नाही. शिवाय टोकाला पोचलेली जोडी एक आवर्तन थांबते. एखाद्या अवघड नाचात शेजारच्या चौकातला हात धरायचा असतो, तेव्हा त्या थांबलेल्यांनीही जागेवर असावं लागतं. तेही आधीच सांगायचं. मी सध्या सोपे नाच कॉल करायला शिकते आहे, फार आनंद होतो. नोकरीचा वेळ यात जात नाही, काळजी नको.

गच्चीच्या कामाचे पैसे सोमवारी पाठवलेत. कंत्राटदाराला सगळे एकदम देऊ नका. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दादा-वहिनी होते म्हणून मी निर्धास्त होते, असं सगळ्यांना सांगते. थेंब वेळेवर घालताय ना? नाशिकच्या स्थळाशी रविवारी फोनवर बोलेन, नक्की. फक्त मावशीला इतक्यात काही सांगू नका. दिवाळीची तिकिटं फार महाग आहेत, तरी बघते आहे.

तुमची,
मनू